चैतालीच्या स्क्रीनवरची ढाल

चैतालीच्या कॉम्प्युटरवर जाहिराती येत नाहीत. हे वाक्य मी अत्यंत शांतपणे लिहिलं आहे, याची नोंद घ्यावी.

चैताली म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. वारज्यातल्या बिल्डरांनी दारासमोर दार ठेवायची जी पद्धत पाडली आहे, तिच्या कृपेने तिचं दार उघडलं की मला तिचा हॉल दिसतो, हॉलमधलं टेबल दिसतं, आणि टेबलावरचा तो स्वच्छ, शांत, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणाऱ्या मुलासारखा कॉम्प्युटर दिसतो. त्यावरून ती मुलांना ‘वैदिक गणित’ शिकवते. तिच्या ऑनलाइन वर्गात बाणेरची मुलं आहेत, नाशिकची आहेत आणि एक मुलगी तर चक्क मस्कतची आहे. चैताली बी.कॉम. आहे. मी गणितात एम.एस्सी. आहे. हे आपलं मी सहज सांगते आहे.

सुमय्या झाली तेव्हा मी कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडली. आता ती सकाळी बालवर्गात जाते, तेव्हा आपणही पाचवी-सहावीच्या मुलांचा वर्ग काढावा असं मी ठरवलं. आधी डेमो. रविवारी सकाळी, विषय अपूर्णांक, स्क्रीनवर मुलं आणि मुलांच्या मागे त्यांचे आईवडील. डेमो आवडला तर वर्ग सुरू. नाही आवडला तर काय, हे माझे मोठे दीर कासिमभाई यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मार्केट यार्डात आमचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. माझा नवरा शकील आणि कासिमभाई मिळून तो बघतात. गाळ्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला होता. “रविवारी जमलं तर ठीक,” कासिमभाई म्हणाले, “नाहीतर हे मशीन गाळ्यावर नेतो. नुसतं घरात बसून काय करतंय?” नुसतं घरात बसून काय करतंय, हे म्हणताना ते मशीनकडे बघत नव्हते.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या कॉम्प्युटरला जाहिरातींनी घेरलं. सुमय्याला बालगीत लावून द्यावं तर चिमणी घरटं बांधायच्या आत पडद्यावर एक भलंमोठं पोट यायचं. आधी सुटलेलं, मग आत गेलेलं. जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक, की ती सापडेपर्यंत आणखी दोन पोटं यायची. लहान मुलांचं पाठांतर किती पटकन होतं, याचा मला नेहमी अभिमान वाटतो. त्या दिवशी सुमय्या आजीच्या मांडीवर चढली आणि गोड आवाजात म्हणाली, “दादी, तुझी चरबी लोण्यासारखी वितळेल.” माझ्या सासूबाईंनी तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी शकीलला एवढंच म्हणाल्या, “तेरी बीवी बच्ची को क्या क्या सिखाती, देख जरा.”

मी आई आहे, त्यामुळे मला पुढचं आपोआप दिसतं. रविवारी मी म्हणणार, “मुलांनो, हा एक पूर्णांक आहे,” आणि पडद्यावर ते पोट येणार. सगळ्या पालकांसमोर.

म्हणून मी मानापमान गिळून चैतालीला विचारलं, “तू काय टाकलंयस गं कॉम्प्युटरवर?”

“काहीच नाही गं,” ती म्हणाली. “जे असतं तेच.”

आता हे उत्तर मी ओळखते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पाककृती विचारली की नाही म्हणायची पद्धत नाही. पाककृती द्यायची, फक्त त्यातली एक गोष्ट सांगायची नाही. वरच्या मजल्यावरच्या नम्रतावहिनींनी मला चकलीची कृती अगदी प्रमाणासकट दिली, पण मोहन किती कडकडीत घालायचं ते त्या विसरल्या. माझ्या चकल्या शेवटी शकीलने गाळ्यावर नेल्या आणि तिथून त्या कुठे गेल्या हे मी विचारलं नाही. मी स्वतः शीरखुर्म्यात थोडी चारोळी दुधात वाटून घालते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि खरं म्हणजे इथेही सांगणार नव्हते. तेव्हा ‘जे असतं तेच’ याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चैतालीने काहीतरी गाळलं होतं.

मी कढीपत्ता मागायला तिच्याकडे गेले. तिने चहा घेतेस का विचारलं. एरवी मी नको म्हणते. त्या दिवशी घेतला, आणि चहा पिता पिता तिच्या स्क्रीनचा एकेक कोपरा तपासला. आणि सापडली. अगदी खाली, घड्याळाशेजारी, एक इवलीशी ढाल आणि ढालीवर हिरवी खूण. मनात म्हटलं, वा गं वा, जे असतं तेच काय!

घरी येऊन मी शोधलं : ‘हिरवी ढाल, अँटिव्हायरस, फुकट’. इंटरनेटचं एक बरं आहे, माणसाला हवं ते समोर येतं. समोर आलेली ढाल चैतालीच्या ढालीपेक्षा दुप्पट मोठी आणि तिप्पट हिरवी होती. मला आत कुठेतरी बरं वाटलं. मी ती टाकली.

ढालीने लगेच तपासणी सुरू केली आणि व्हायरस मोजायला लागली. स्टेशनवरून नवख्या माणसाला घेतलेल्या रिक्षाच्या मीटरसारखा तो आकडा पळत होता. हजाराच्या वर गेल्यावर ढालीने कर्कश भोंगा वाजवला आणि सांगितलं, की व्हायरस सापडलेले आहेत, काढायचे असतील तर पैसे भरा. मी भरले नाहीत. एवढं गणित मला येतं. पण तेव्हापासून ती ढाल दर थोड्या वेळाने भोंगा वाजवायला लागली. म्हणजे आता पोटं येत होतीच, आणि पोटांना पार्श्वसंगीत मिळालं होतं.

शकील दुपारी घरी आला. त्याच्या मते जगातला कुठलाही प्रश्न हा मुळात बटाट्याचा असतो. “पोत्यात एक सडका निघाला की काय करतो आपण? तो काढून टाकतो. बाकीचं पोतं वाचतं,” असं म्हणत त्याने ज्यांची नावं ओळखीची वाटत नव्हती अशा सगळ्या फायली काढून टाकल्या. भोंगा थांबला. कारण कॉम्प्युटरचा आवाजच गेला. मी मुलांना मुकाट्याने अपूर्णांक शिकवणार होते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “निदान भोंगा तरी नाही.” मग तो झोपला. यार्डातली माणसं पहाटे उठतात, त्यामुळे वाद अर्धवट सोडून झोपायचा त्यांना परवाना असतो.

नम्रतावहिनींनी वेगळा मार्ग सांगितला. “हे बघ शबनम, एकावर विसंबून राहायचं नाही. आमच्या पिंट्याला सर्दी झाली की मी डॉक्टरांचं औषध देते, होमिओपॅथीच्या गोळ्या देते आणि वर काढा देते. कशानं बरा झाला ते कळत नाही, पण होतो ना?”

यात मला तर्क दिसला, हीच माझ्या मनाची त्या वेळची अवस्था समजावी. मी आणखी दोन अँटिव्हायरस टाकले. पहिल्याने येताक्षणी दुसऱ्याला पकडलं आणि म्हणाला, हा संशयास्पद आहे. दुसऱ्याने उलट तीच तक्रार पहिल्याबद्दल केली. दोघं मिळून ढालीवर धावून गेले आणि ढाल कॉम्प्युटरवर कोसळली. एका ओट्यावर तीन जावा आणि प्रत्येकीच्या हातात उलथनं, अशी परिस्थिती झाली. माउस हलवला की बाण बऱ्याच वेळाने, विचार करून, निघायचा.

हे सगळं बघून अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, अबोला सोडला. त्यांनी सुक्या मिरच्या घेतल्या, कॉम्प्युटरवरून उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. मिरच्या जळाल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही.

“देखा? नजर थी,” अम्मी म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या बंद दाराकडे सूचक पाहिलं.

नजर कुठल्या दारातून निघून कुठल्या दाराकडे जात होती, हे मला नेमकं माहीत होतं. पण मोठ्यांना दुरुस्त करू नये.

गुरुवारी कळस झाला. कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं, त्यातून त्या हिरव्या ढालीने माझ्या नावाने आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप पाठवला : ‘सावधान! तुमच्या संगणकात धोकादायक व्हायरस आहे. इथे क्लिक करा.’ एकदा नाही, पाठोपाठ. आमचे चेअरमन सीतारामकाका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं आणि खाली सूचनाफलकावर कागद लावला : ‘ब विंगमधील एका सदनिकेतील संगणक बाधित असल्याने संबंधित सदस्यास ग्रुपमधून तात्पुरते वगळण्यात आले आहे. रहिवाशांनी त्यांच्याकडील पेन ड्राइव्ह स्वीकारू नयेत.’ नाव लिहिलं नव्हतं. फक्त फ्लॅट नंबर लिहिला होता.

मी त्यांच्याकडे गेले. “काका, मला परत घ्या.”

“संगणक बरा झाला का?”

“होतोय.”

“होतोय चालत नाही. संगणक निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र आणा. तज्ज्ञाचं. शिक्क्यासह.”

“पण काका, पाणी कधी येणार ते ग्रुपवरच कळतं!”

“नळ सोडून बघावा,” काका म्हणाले आणि दार लावलं.

नंतर नम्रतावहिनींनी मला त्यांच्या मोबाइलवर ग्रुप दाखवला. चैतालीने लिहिलं होतं : ‘शबनम मुद्दाम असं कधीच करणार नाही. कृपया तिला परत घ्यावं.’ खाली अंगठ्यांची रांग लागली होती. मला काढलं तेव्हा एकानेही अंगठा हलवला नव्हता. मी अपमान सहन करू शकते. पण माझ्या अपमानातून चैतालीला अंगठे मिळावेत, हे जरा जास्त होतं.

शुक्रवारी मी कॉम्प्युटरचा डबा बेडशीटमध्ये गुंडाळला, एका हातात सुमय्या धरली आणि रिक्षाने नारायण पेठेत गेले. तिथे भिलारे म्हणून एक गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी बेडशीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय होतंय?”

“जाहिराती येतात.”

“टीव्हीवरही येतात. तो नाही आणलात?”

त्यांनी वायरी जोडल्या, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. “अँटिव्हायरस किती ठेवलेत?”

“तीन.”

“त्यातला हा हिरवा कोण?”

“ती ढाल आहे. शेजारणीकडेही आहे.”

“शेजारणीकडे ही नसणार. ही असती तर शेजारीण तुमच्याआधी इथं आली असती.” त्यांनी पडद्याचा खालचा कोपरा दाखवला. “शेजारणीकडे विंडोजची असेल. ती सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर येते. तुमच्यावरही होती. तुम्ही तिच्या उरावर तिघं बसवलेत, म्हणून बिचारी झोपली.”

म्हणजे ‘जे असतं तेच’. चैतालीने काहीच गाळलं नव्हतं. सांगते, मला याचा जितका संताप आला तितका ती खोटं बोलली असती तर आला नसता.

भिलाऱ्यांनी ढाल काढली, उरलेल्या दोघांचं भांडण मिटवलं, आवाज परत आणला. कुठल्याशा फुकट गोष्टीबरोबर आत शिरलेली पोटंही काढली. “आता ज्या येतील त्या साध्या जाहिराती,” ते म्हणाले. “त्यांना औषध नाही. माणूस जे सारखं उघडून बघतो, त्याच्याच येतात.” मी म्हटलं, मी काही तसलं बघत नाही. ते म्हणाले, “मी कुठं म्हटलं?”

प्रमाणपत्र द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. “मी दुरुस्त करतो. चारित्र्याचे दाखले देत नाही.” त्यांनी पावती दिली. सीतारामकाकांनी ती उलटसुलट करून पाहिली, ही पावती आहे, प्रमाणपत्र नाही, असं तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं, आणि शेवटी पावतीवर शिक्का आहे या एकाच गुणावर मला ग्रुपमध्ये परत घेतलं. फलकावरचा कागद मात्र काढला नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

रविवार उजाडला. अम्मी सुमय्याला घेऊन आत बसल्या. शकील दाराशी उभा. पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली, मुलं, आया, वडील, कुणाचा तरी कुत्रा. मी भाकरीचे तुकडे करून अर्धा आणि पाव दाखवला. मुलं ऐकत होती. माझा आवाज स्थिरावला. मला वाटलं, जमतंय. मग मी मुलांना चित्रं दाखवायला अपूर्णांकाचं एक पान उघडलं.

पानाच्या कडेला चैताली होती.

पिवळी साडी, हात जोडलेले. ‘गणिताची भीती वाटते? चैताली टीचर आहे ना! पहिला महिना अर्ध्या फीमध्ये.’ खाली ठळक फोन नंबर.

तिच्या वर्गात आज किती मुलं झाली, मस्कतच्या मुलीने नवं काय लिहिलं, हे मी तिच्या पानावर जाऊन अधूनमधून बघत असे. सकाळी एकदा. आणि दुपारी. स्वयंपाक करताना वगैरे. म्हणून काही कॉम्प्युटरने असा सूड घ्यायचा नसतो.

मी फुली दाबली. चैताली गेली. पान वर सरकवलं. खाली चैताली होती. तीही घालवली. तिसऱ्यांदा ती व्हिडिओसकट आली आणि भिलाऱ्यांनी दुरुस्त करून दिलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “नमस्कार मुलांनो!”

“नमस्कार टीचर!” माझी सगळी मुलं एका सुरात ओरडली.

एक आई मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. अपूर्णांक लिहीत नव्हती.

तेवढ्यात संभाजी नावाच्या एका मुलाने हात वर केला. “टीचर, अर्धी फी म्हणजे एक छेद दोन ना?”

“हो,” मी कसंबसं म्हटलं.

“मग अजून अर्धी केली तर?”

“तूच सांग. अर्ध्याचं अर्धं किती?”

“पाव! पावकी फी!”

“टीचर, त्याचंही अर्धं केलं तर?” दुसरीकडून कुणी तरी ओरडलं. आणि मग मुलं थांबायलाच तयार होईनात. चैतालीच्या फीचे आम्ही अष्टमांश केले, षोडशांश केले. शेवटी एक मुलगी म्हणाली, की अशी कितीही वेळा अर्धी केली तरी फी थोडी उरणारच, फुकट होणार नाही. हे कळायला मला एफ.वाय.पर्यंत थांबावं लागलं होतं. एका विचित्र समाधानात मी वर्ग संपवला. चैतालीची फी इतकी कमी करायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण दुपारपर्यंत एकाचाही फोन आला नाही. सगळ्यांनी उतरवून घेतलेला नंबर समोरच्या दारातला होता, आणि समोरच्या दारातून सारखी रिंग ऐकू येत होती. एक संपली की दुसरी. मी दाराला कान लावला नव्हता. दाराजवळची चपलांची रॅक आवरत होते.

चार वाजता कासिमभाई रिकामं पोतं आणि सुतळी घेऊन आले. “बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस,” असं म्हणत त्यांनी पोतं जमिनीवर अंथरलं. शकीलने वायर काढायला हात घातला, आणि माझ्याकडे बघून तसाच धरून राहिला.

माझा फोन वाजला. संभाजीचे वडील होते. “मॅडम, प्रवेश कसा घ्यायचा? नाही, आम्ही आधी त्या जाहिरातीतल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे पटापट आकडेमोडीच्या युक्त्या आहेत, पण अपूर्णांक पक्के करायचे असतील तर शबनम मॅडमच. एम.एस्सी. आहेत म्हणाल्या.”

त्याच्यामागे दुसरा फोन आला, मग तिसरा. प्रत्येक जण आधी ‘चैताली मॅडम म्हणाल्या’ असं म्हणायचा आणि मग स्वतःचं नाव सांगायचा. सगळी मुलं आली. कुत्रेवालेसुद्धा आले. शकीलने वायर सोडली. कासिमभाईंनी पोत्याची घडी केली आणि मशीनकडे प्रथमच नीट बघत म्हणाले, “चांगलं दिसतंय. राहू दे इथंच.”

मग चैताली स्वतः आली. हसत होती. “अगं, किती मस्त घेतलास म्हणे वर्ग! पण माझी जाहिरात तुझ्या स्क्रीनवर कशी गं आली? ती तर माझं पान सारखं उघडणाऱ्यांनाच दिसते.”

“सुमय्याचा हात लागला असेल,” मी म्हटलं.

“गोड आहे,” चैताली म्हणाली आणि निघाली. मी मागून थँक्यू म्हटलं. “थँक्यू कसलं? खरं तेच सांगितलं,” असं म्हणून तिने दार लावलं. तेही न आपटता.

संध्याकाळी मी मुलांची नावं लावत बसले होते. शकीलने चहा आणून ठेवला. “मग? आता तरी तिच्यावर राग नाही ना?”

“आहे.”

“आता काय केलं तिनं?”

“सगळीच्या सगळी मुलं माझ्याकडे पाठवली! एखादं ठेवायचं होतं स्वतःकडे. माणसानं शेजारणीला रागवायला थोडी तरी जागा ठेवावी की नाही?”